मन थाऱ्यावर आणणारी पुस्तके : उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींचे बालसाहित्य

गोल कडे, आत दोऱ्याचे जाळे आणि खाली लोंबणारी पिसे, असे ‘ड्रीमकॅचर’ आता आपल्याकडे मोटारींच्या आरशांना, वसतिगृहाच्या खिडक्यांना आणि जत्रेतल्या दुकानांतही टांगलेले दिसते. वाईट स्वप्ने त्यात अडकतात असे विक्रेता सांगतो. ही वस्तू मुळात लहान मुलांची, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिका व कॅनडाच्या सीमेवरील महासरोवरांच्या परिसरात राहणाऱ्या ओजिब्वे लोकांमध्ये तान्ह्या बाळाला फळीच्या पाळण्यात बांधून ठेवण्याची रीत होती. त्या फळीच्या कमानीला तंतूंचे छोटे जाळे अडकवत. हवेतली इडापिडा कोळ्याच्या जाळ्यात अडकावी तशी त्यात अडकेल, अशी श्रद्धा. फ्रान्सिस डेन्समोर या अभ्यासिकेने १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या जाळ्यांची नोंद केली आहे. आपल्याकडे बाळाच्या गालावर तीट लावतात, मनगटात काळे मणी बांधतात, त्याच जातीची ही गोष्ट. पाळण्यावरून ती मोटारीच्या आरशावर कशी आली हा वेगळा विषय आहे. पण मूलनिवासी समाजांनी आपल्या मुलांच्या जिवाला स्वस्थता मिळावी म्हणून जे जे केले, त्यातले जगाने उचलले ते असे एक शोभेचे कडे. त्यांची पुस्तके मात्र आपल्यापर्यंत फारशी आलेली नाहीत. त्या पुस्तकांविषयी येथे लिहायचे आहे.

आधी शब्दांचा प्रश्न. आपल्या जुन्या पुस्तकांतील ‘रेड इंडियन’ हा शब्द आता टाकून द्यायला हवा. तो त्या लोकांना अपमानास्पद वाटतो. कॅनडात ‘फर्स्ट नेशन्स’, ‘इनुइट’ आणि ‘मेती’ असे तीन समूह मानले जातात आणि त्यांच्याही आत क्री, ओजिब्वे, डेने, सेलिश अशी अनेक राष्ट्रके व भाषा आहेत. सोयीसाठी मी ‘मूलनिवासी’ हा शब्द वापरतो, पण शक्य तेथे त्या त्या समाजाचे नाव देतो. दुसरा शब्द ‘हीलिंग’. याला ‘उपचार’ म्हटले की दवाखाना आठवतो. ‘जखम भरून येणे’ जवळचे आहे. मला स्वतःला ‘मन थाऱ्यावर येणे’ हा आपला वाक्प्रचार अधिक योग्य वाटतो. थारा म्हणजे टेकायची जागा, आश्रय. ज्या समाजाची जागाच हिरावून घेतली गेली, त्याच्या मुलांचे मन थाऱ्यावर आणायचे म्हणजे काय करायचे, हा या साहित्यापुढचा खरा प्रश्न आहे.

तो का निर्माण झाला हे थोडक्यात सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकापासून कॅनडा सरकारने चर्चच्या साहाय्याने निवासी शाळा चालवल्या. मूलनिवासी मुलांना आईबापांपासून दूर नेऊन त्यांची भाषा, वेष आणि चालीरीती मोडून काढणे हाच या शाळांचा हेतू होता. तेथे केस कापले जात, घरचे कपडे काढून घेतले जात, मातृभाषेत बोलल्यास शिक्षा होई, आणि सख्ख्या भावंडांनाही एकमेकांना भेटता येत नसे. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली, हजारो परतली नाहीत. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे ही काही फार जुनी गोष्ट नव्हे. माझ्या वयाची माणसे त्या शाळांत शिकलेली आहेत. ११ जून २००८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी ‘सत्य आणि सलोखा आयोग’ स्थापन झाला आणि २०१५ मध्ये त्याने ९४ शिफारशी केल्या. त्यांतील ६२व्या शिफारशीत निवासी शाळांचा इतिहास बालवर्गापासून बारावीपर्यंत, वयाला साजेशा रीतीने शिकवावा असे म्हटले आहे.

‘वयाला साजेशा रीतीने’ हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. पाच वर्षांच्या मुलाला हे सांगायचे कसे? त्या वर्गात ज्याची आजी अशा शाळेतून आली आहे असे मूल बसलेले असेल, तर त्याला आणखी एक घाव न घालता सांगायचे कसे? येथे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा लेखकांनी अधिक चांगले उत्तर दिले आहे, असे माझे मत झाले आहे.

सर्वांत आधी ‘व्हेन वी वेअर अलोन’ हे पुस्तक घेतो. लेखक डेव्हिड ए. रॉबर्टसन हे विनिपेगचे, क्री समाजाचे. चित्रे ज्युली फ्लेट या क्री-मेती चित्रकर्तीची. २०१६ मध्ये ते विनिपेगहून प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. कथानक म्हणावे असे त्यात जवळजवळ काही नाही. एक नात आजीच्या बागेत तिला मदत करते आहे. आजीला ती ‘नोकोम’ म्हणते. काम करता करता तिला प्रश्न पडतात. आजी, तू एवढे रंगीबेरंगी कपडे का घालतेस? तुझे केस इतके लांब का? तू क्रीमध्ये का बोलतेस? तू तुझ्या भावाबरोबर इतका वेळ का असतेस? प्रत्येक प्रश्नाला आजी शांतपणे उत्तर देते. आम्ही लहान असताना दूरच्या शाळेत होतो, तेथे सगळ्यांना एकसारखे कपडे घालावे लागत; मग पानगळीच्या दिवसांत, आम्ही एकट्या असताना, जमिनीवर पडलेली रंगीत पाने अंगावर ओढून घेत असू. आता मला हवे ते रंग घालता येतात, म्हणून मी घालते. केस कापले होते, तेव्हा आम्ही लांब गवताची पाती केसांत गुंफत असू. भाषा बंद होती, तेव्हा कोणी ऐकणार नाही अशा जागी कुजबुजत असू. भावाला भेटू देत नव्हते, तेव्हा लपून एकमेकांचा हात धरत असू.

या पुस्तकाच्या रचनेकडे शिक्षकांनी नीट पाहावे. एक म्हणजे, भीषण गोष्ट सांगितली जाते ती जगून, म्हातारी होऊन, बागेत उभ्या असलेल्या आजीच्या तोंडून. ऐकणाऱ्या मुलाला पहिल्या पानापासून ठाऊक असते की ही आजी वाचली आहे. दुसरे, प्रश्न मूल विचारते. आजी स्वतःहून काही लादत नाही. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चारही वेळा तोच क्रम येतो : प्रश्न, हिरावून घेतलेली वस्तू, एकांतात ती परत मिळवण्याची युक्ती, आणि आजचे स्वातंत्र्य. दुसऱ्या आवर्तनाला मुलाला पुढचा क्रम कळू लागतो, तिसऱ्याला ते त्याची वाट पाहते. वाईट येणार, पण त्यानंतर काय येणार हेही आपल्याला माहीत आहे, असा विश्वास पुनरावृत्तीमुळे तयार होतो. आपल्या ओव्या, पाळणे, चिमणी-कावळ्याची गोष्ट, सारे याच तत्त्वावर उभे आहे. लहान मुले तीच गोष्ट दहादा का मागतात याचे उत्तरही येथेच आहे. भीती घालवायला मुलाला नवी माहिती लागत नाही, ओळखीचा क्रम लागतो.

शाळेतील मारहाण या पुस्तकात नाही. काही टीकाकार म्हणतील की सत्य सौम्य केले आहे. मला ते पटत नाही. भाषा, केस, वस्त्र आणि भाऊ हिरावून घेणे हे सत्य सौम्य नाही. मुलाला ते मारहाणीपेक्षा लवकर समजते, कारण या चार गोष्टी त्याच्याजवळ आत्ता, या क्षणी आहेत.

ज्युली फ्लेट यांच्या चित्रांबद्दल स्वतंत्र लेख लिहिता येईल. साधे आकार, दबके रंग, मध्येच एखादा लाल ठिपका, आणि पानावर भरपूर मोकळी जागा. आपल्या बालपुस्तकांत पानाचा कोपरा न् कोपरा भरायची सवय आहे. झाडाला डोळे, सूर्याला हसू. फ्लेट यांच्या चित्रात बर्फाचे मैदान असेल तर मैदानच असते. पाहणाऱ्याचा श्वास आपोआप संथ होतो. त्यांच्या स्वतःच्या ‘बर्डसाँग’ (२०१९) या पुस्तकात समुद्रकाठ सोडून नव्या गावी आलेली एक मुलगी आहे. तिचे चित्र काढणे थांबले आहे. शेजारी मातीची भांडी घडवणारी एक म्हातारी राहते. ऋतू बदलत जातात, मैत्री वाढते, मुलगी पुन्हा चित्रे काढू लागते आणि म्हातारी अंथरुणाला खिळत जाते. शेवटी मुलगी तिच्या खोलीच्या भिंतीवर पक्ष्यांची चित्रे लावते. मृत्यू हा शब्दसुद्धा न उच्चारता मुलाला मृत्यूच्या शेजारी बसवणारी पुस्तके थोडी असतात, त्यांपैकी हे एक आहे.

निकोला कॅम्पबेल यांचे ‘शी-शी-एत्को’ (२००५) थोडे आधीचे. निवासी शाळेला जायला चार दिवस उरलेली मुलगी आई, वडील आणि आजीबरोबर एकेक जागा पाहून घेते, एकेक गोष्ट मनात साठवते आणि आठवणींची एक पिशवी झाडाच्या मुळाशी ठेवून जाते. शाळा पुस्तकात दिसतच नाही. प्रत्यक्ष शाळेचे चित्र ‘शिन-चीज कनू’ (२००८) या पुढच्या पुस्तकात येते.

आता ‘शांत करणाऱ्या कृतीं’कडे वळतो. आपल्याकडच्या शाळांत अलीकडे ‘माइंडफुलनेस’चे तास सुरू झाले आहेत, मुलांना डोळे मिटायला सांगतात, श्वास मोजायला सांगतात. वाईट काही नाही त्यात. पण ही कृती कशासाठी, हे मुलाला कळत नाही आणि बहुधा ते एक डोळा किलकिला करून शेजारच्याकडे पाहत असते. कॅथरिना वर्मेट या विनिपेगच्या मेती लेखिकेचे ‘द गर्ल अँड द वुल्फ’ (२०१९) वाचताना मला या तासांची आठवण झाली. चित्रे पुन्हा ज्युली फ्लेट यांचीच. लाल झग्यातली एक मुलगी आईबरोबर रानात बोरांसारखी फळे वेचायला गेली आहे. ती दूर भटकते, अंधारून येते, वाट चुकते. एक मोठा करडा लांडगा समोर येतो. युरोपीय परीकथांवर वाढलेल्या वाचकाला येथे ‘लाल टोपीवाली’ची गोष्ट आठवते आणि पुढे काय होणार याची धास्ती वाटते. पण हा लांडगा तिला खात नाही आणि वाटही दाखवत नाही. आता तू काय करणार, असे तो विचारतो. मला ठाऊक नाही, असे ती म्हणते. मग तो तिला खोल श्वास घ्यायला, डोळे मिटायला आणि मग उघडून पाहायला सांगतो. काय दिसते? मुलगी पाहते. भूक लागली आहे, समोर फळे आहेत. ती खायची की नाही, हे तिला मोठ्यांनी शिकवलेले आहे. तहान लागली आहे, पाणी वाहते आहे. असे करत करत तिला ओळखीची झाडे दिसतात आणि ती घरी पोचते. पुढे ती लाल कापडात तंबाखू बांधून लांडग्यासाठी ठेवते. तंबाखू वाहणे ही तिकडची आभार मानण्याची रीत.

मानसोपचारात घाबरलेल्या माणसाला भोवतालच्या दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या, स्पर्श होणाऱ्या वस्तू मोजायला सांगतात. लांडग्याची युक्ती त्याच जातीची आहे, पण फरक फार मोठा आहे. मुलीने डोळे उघडल्यावर जे पाहायचे ते तिला ओळखीचे आहे. कोणते फळ खाण्याजोगे, पाणी कोणत्या बाजूला, घराजवळची झाडे कशी दिसतात हे तिच्या आईने आणि घरच्यांनी तिला आधीच दिलेले आहे. भीतीने ते क्षणभर झाकले गेले होते, इतकेच. श्वासाने झाकण निघाले. झाकणाखाली काही नसेल, तर नुसत्या श्वासाने मुलगी घरी पोचली नसती. माझ्या मते मूलनिवासी बालसाहित्य आणि बाजारात मिळणारी ‘शांतीची’ पुस्तके यांच्यातली सीमारेषा नेमकी येथे आहे. एका ठिकाणी मुलाला एकट्याने स्वतःच्या आत डोकवायला सांगतात. दुसऱ्या ठिकाणी त्याला आजी, आई, झाड, भाषा यांच्याकडे परत पाठवतात.

वर्मेट यांनी ही गोष्ट पारंपरिक कथांवरून स्फुरलेली पण पूर्णपणे स्वतः रचलेली असल्याचे पुस्तकात नमूद केले आहे. हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतो.

जखमेचा उल्लेखही नसलेली पुस्तके हा या साहित्याचा दुसरा प्रवाह. काही वाचक त्यांना गोड-गोड म्हणून बाजूला ठेवतात. मला ती तितकीच गंभीर वाटतात. डेने समाजातील त्लिचो राष्ट्रकाचे लेखक रिचर्ड व्हॅन कॅम्प यांनी तान्ह्या बाळांसाठी पुस्तके लिहिली आहेत. त्यांचे ‘वेलकम साँग फॉर बेबी’ हे नवजात बाळासाठीचे गीत ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जन्मलेल्या बाळांच्या घरी भेट देण्यासाठी निवडले गेले होते. ‘लिटल यू’ (२०१३) हे जाड पुठ्ठ्याच्या पानांचे, दोन-दोन ओळींचे पुस्तक क्री आणि डेने भाषांतही निघाले. ज्या घरात दोन पिढ्यांना आईची कूस मिळाली नाही, त्या घरातल्या तरुण आईला बाळाशी कसे बोलावे हेच कोणी दाखवलेले नसते. असे पुस्तक बाळापेक्षा आईला अधिक शिकवते. अंगाईगीत हे आईच्या मनाचेही औषध असते, हे आपल्याला नवे नाही.

मोनिक ग्रे स्मिथ यांचे ‘माय हार्ट फिल्स विथ हॅपिनेस’ (२०१६) पानापानावर एकेक लहान गोष्ट मांडते : भाजणाऱ्या बॅनक पावाचा वास, गवतावर अनवाणी चालणे, ढोल वाजवणे, जवळच्या माणसाचा हात हातात असणे. शेवटी वाचणाऱ्या मुलालाच विचारले आहे, तुझे मन कशाने भरून येते? येथे पुस्तक संपते आणि वर्गातले बोलणे सुरू होते. सेमिनोल समाजाचे केव्हिन नोबल मेलार्ड यांच्या ‘फ्राय ब्रेड’ (२०१९) मध्ये तळलेल्या पावाचे पीठ मळले जाते. आकार, आवाज, रंग, काळ, इतिहास असे एकेक पैलू येत जातात आणि मग कळते की हा पाव आनंदातून जन्मलेला नाही. स्वतःच्या भूमीवरून हाकलून दिलेल्या लोकांना सरकारी शिधा म्हणून मिळालेले पीठ, मीठ, साखर आणि चरबी यांतून बायकांनी तो बनवला. पुस्तकाच्या शेवटी कृती दिली आहे. मळणे, थापणे, तळणे यांत मुलाचे हात गुंततात आणि मन निवते, हे कोणत्याही घरातल्या बाईला सांगावे लागत नाही. (त्या पावामुळे आरोग्य बिघडते की नाही यावर त्या समाजात वाद आहे, लेखकाने तोही लपवलेला नाही.)

या प्रवाहात ‘जिंगल डान्सर’ (२०००) हे मस्कोगी समाजाच्या सिंथिया लायटिक स्मिथ यांचे पुस्तक विशेष. जेना नावाच्या आजच्या काळातील मुलीला नाचायचे आहे, पण तिच्या पोषाखावर घुंगरांसारख्या वाजणाऱ्या धातूच्या नळ्यांच्या ओळी नाहीत. ती नात्यातल्या आणि शेजारच्या बायकांकडून एकेक ओळ मागून आणते. प्रत्येकीकडून एवढीच, की तिच्या पोषाखाचा आवाज हरपू नये. पुस्तकात हा नाच सामूहिक आनंदाचा आहे, पण त्याचा उगम ओजिब्वे समाजात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या सुमारास, आजाऱ्याला बरे करण्यासाठीचा नाच म्हणून झाला, असे मानले जाते. शेकडो नळ्या एका लयीत वाजतात, त्या आवाजातच बरे करण्याची शक्ती आहे अशी समजूत. तंबाखूच्या डब्यांची झाकणे वळवून या नळ्या करत.

आपल्या शिक्षकांना एक इशारा द्यावासा वाटतो. अशी पुस्तके वाचली की ‘कृती’ म्हणून वर्गात ड्रीमकॅचर बनवायला घेणे, डोक्याला कागदी पिसे लावणे, सुगंधी गवत जाळून धूर करणे असा मोह होतो. गोड गवताची वेणी, सेज वनस्पतीची धुरी या त्यांच्या पूजेतल्या गोष्टी आहेत. आपल्या घरची सत्यनारायणाची पूजा कुणी हस्तकलेच्या तासाला करायला लावली तर कसे वाटेल, एवढा विचार पुरेसा आहे. श्वास घेणे, पीठ मळणे, गोलात बसून एकेकाने बोलणे, वेणी घालणे हे साऱ्या माणसांचे आहे. ते खुशाल घ्यावे.

दुसरा इशारा ‘मूलनिवासींचे शहाणपण’ या नावाने खपणाऱ्या साहित्याचा. प्रमुख सिएटल यांचे पर्यावरणावरील जे भाषण आपल्याकडे व्याख्यानांत हमखास उद्धृत होते, त्याचा प्रचलित पाठ टेड पेरी या पटकथाकाराने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका चित्रपटासाठी लिहिलेला आहे. चेरोकी आजी-आजोबांच्या सहवासातील बालपणाची आठवण म्हणून गाजलेले ‘द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री’ (१९७६) मला शिक्षणप्रेमी मित्रांनी अनेकदा सुचवले आहे. त्याचा लेखक ‘फॉरेस्ट कार्टर’ हा प्रत्यक्षात एसा कार्टर नावाचा, कू क्लक्स क्लॅनशी संबंध असलेला आणि वंशभेदाचा पुरस्कार करणाऱ्या गव्हर्नरची भाषणे लिहिणारा गृहस्थ होता. पुस्तक वाचताना मन शांत होते, हे मी नाकारत नाही. पण कोणाच्या नावावर कोण शांत होतो आहे, हा प्रश्न उरतोच. नाम्बे प्वेब्लो समाजाच्या डेबी रीस या अभ्यासिका २००६ पासून बालपुस्तकांतील अशा चित्रणाची सातत्याने चिकित्सा करत आहेत. वर्मेट यांच्या ‘ही गोष्ट मी रचली आहे’ या नोंदीचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

माझी या साहित्याबद्दल एक तक्रार आहे. यांतील बहुतेक पुस्तके मुळात इंग्रजीत लिहिली गेली आहेत. म्हणजे ज्या भाषेने आजीची भाषा मोडली त्याच भाषेत. लेखकांनाही हे सलते. म्हणूनच इंग्रजी वाक्यात क्री शब्द तसेच ठेवलेले दिसतात आणि ‘व्हेन वी वेअर अलोन’ची क्री-इंग्रजी द्वैभाषिक आवृत्तीही निघाली. रॉबर्टसन आणि फ्लेट यांच्या ‘ऑन द ट्रॅपलाइन’ (२०२१) या पुस्तकात नातू आजोबांबरोबर त्यांच्या बालपणीच्या शिकारीच्या वाटेवर जातो आणि जाता जाता क्री शब्द शिकतो. संपूर्ण भाषा परत मिळत नाही, शब्द मिळतात. ते किती पुरतील हे पुढच्या पिढीवर आहे.

येथे आपला विषय येतो, पण जपून. वडोदऱ्यात राहणाऱ्या आम्हा मराठी घरांत नातवंडे गुजराती-इंग्रजीत वाढतात आणि आजीशी तुटक मराठीत बोलतात. तशीच स्थिती इंदूर, हैदराबादकडेही असणार. मात्र ही तुलना निवासी शाळांशी करणे अन्यायाचे होईल. आमची भाषा आम्ही सोयीने मागे ठेवली, कोणी काठी उगारलेली नव्हती. तुलना करायचीच तर ती वडोदऱ्यापासून काही तासांच्या अंतरावरील छोटा उदेपूरच्या राठवा मुलांशी, किंवा पालघरच्या वारली मुलांशी करावी. ती शाळेत पाऊल ठेवताच घरची भाषा उंबऱ्यावर सोडतात.

राठवांमध्ये घरावर संकट आले, आजारपण आले की बाबा पिठोराला नवस बोलतात आणि तो फेडताना घराच्या मुख्य भिंतीवर घोडे, देव, शेत, सूर्य-चंद्र यांचे चित्र काढून घेतात. ते चित्र ‘काढले’ असे म्हणत नाहीत, ‘लिहिले’ असे म्हणतात. काढणारा तो ‘लखारा’, आणि पूजेच्या रात्री बडवो ते ‘वाचतो’. मनःशांतीसाठी लिहिलेले, सर्वांनी मिळून वाचायचे, चित्रांचे पुस्तकच ते. तेजगढच्या आदिवासी अकादमीने आणि गणेश देवी यांनी १९९६ मध्ये स्थापलेल्या वडोदऱ्याच्या भाषा संशोधन केंद्राने या भागात मोठे काम केले. त्यांचे ‘ढोल’ हे नियतकालिक अनेक आदिवासी भाषांत निघत असे. चेन्नईच्या तारा बुक्सने गोंड आणि वारली कलाकारांची देखणी पुस्तके काढली, ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (२००६) जगभर गाजले. पण हाताने छापलेली ती महाग पुस्तके गोंड मुलाच्या घरी क्वचितच पोचतात, आणि त्यांतील इंग्रजी मजकूर त्या मुलाला वाचता येत नाही. क्री मुलाला मिळालेले पुठ्ठ्याचे पुस्तक मला यापुढे मोठे वाटते.

गेल्या वर्षी बालसाहित्याच्या कार्यशाळेत मी ‘व्हेन वी वेअर अलोन’ मराठीत तोंडी सांगितले आणि विद्यार्थ्यांना घरच्या वडीलधाऱ्यांना फक्त एकच प्रश्न विचारायला सांगितला : लहानपणी शाळेत जाताना तुम्ही काय घरी ठेवून जात होता? उत्तरे लांबलचक आली. एकीच्या आजोबांनी टोपी सांगितली, एकाच्या आजीने आपले नाव सांगितले. शाळेत मास्तरांनी तिला सोपे म्हणून दुसरेच नाव दिले होते. दुसऱ्या विभागातून मैत्रिणीबरोबर आलेली एक राठवा विद्यार्थिनी होती. ती काही न लिहिता दोन दिवसांनी परत आली आणि म्हणाली, “सर, आजीने सांगितलं ते राठवीत आहे. मराठीत केलं तर ती आजीची गोष्ट राहत नाही.” मी म्हटले, तशीच लिही. आता तिच्या गोष्टीचे सोळा पानांचे हाताने शिवलेले पुस्तक करायचे ठरले आहे. चित्रे तिचा मामा काढणार आहे, तो लखारा आहे. मात्र पिठोराचे घोडे नवसाशिवाय कागदावर काढायचे नाहीत, अशी त्याची अट आहे आणि ती आम्ही मानली आहे. मजकूर गुजराती लिपीत लिहावा की देवनागरीत, यावर अजून एकमत झालेले नाही. आजीला दोन्ही लिप्या येत नाहीत, तेव्हा पहिली प्रत तिला वाचून दाखवावी लागेल, आणि चुका ती ऐकूनच काढणार आहे.